घुटमळणारे हात

बाहुलीने मला नापास केलं, ही बातमी माझ्याआधी माझ्या घरी पोचली होती. सून त्याच केंद्रात नोकरीला असली की हे सुख मिळतं. मी दारात चपला काढत होते, तोच माझी लेक पूर्वा पोट धरून हसायला लागली.

"आई, तू? तू नापास? अगं, अर्ध्या जिल्ह्याच्या सिस्टर तुझ्या हाताखालून गेल्यात!"

"हस, पण बेताने हस," मी म्हटलं. "नववा सरत आलाय. इथेच बाळंत झालीस तर तपासायला नापास बाई मिळेल."

माझी सून समृद्धी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. ती हसत नव्हती. त्याच चाचणीत तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले होते आणि माझ्यासमोर तिला त्याचा संकोच वाटत होता. मला त्या संकोचाचाच जास्त राग आला, हे सांगून टाकलेलं बरं.

मी ज्योत्स्ना इंगोले. आमच्या तालुक्याच्या प्रसूती केंद्रात नर्स म्हणून लागले आणि पुढे शिकवायला लागले. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची नखशिखांत तपासणी कशी करायची, हा माझा विषय. डोळ्यांत उजेड टाकून आतली लाल चमक दिसते का ते पाहायचं. तोंडात बोट घालून टाळू दुभंगलेली नाही ना ते चाचपायचं. मांड्या बाजूला नेत खुब्याचा सांधा निखळत नाही ना ते बघायचं. आणि जांघेतली नाडी शोधायची. पूर्वी हे काम बालरोगतज्ज्ञ करायचे. पण तज्ज्ञ तालुक्याला यायला तयार होईनात आणि बाळं काही त्यांच्यासाठी थांबेनात. शेवटी ते काम नर्सकडे आणि प्रसूती करणाऱ्या मिडवाइफकडे आलं. आम्ही खऱ्या बाळांवर शिकलो आणि खऱ्या बाळांवरच शिकवलं. मग छबी आली.

छबी म्हणजे बाहुली. वजन, ऊब, मानेचा लुळेपणा, सगळं जन्मलेल्या बाळासारखं. पडद्यावर निवड केली की ती धडधाकट मुलगी होते, पुन्हा निवड केली की सांधा निखळलेला मुलगा. तिच्या जांघेत नाडी उडते, छातीत हृदयाची कुरकुर ऐकू येते, आणि हात चुकीचा पडला की ती असा टाहो फोडते की शेजारच्या वॉर्डातल्या बाया उठून बसतात. पण तिची खरी कमाल वेगळीच होती. छबी स्वतः शिकायची. तिच्याकडून तयार झालेली नर्स पुढे खऱ्या बाळाला तपासताना हातात एक पातळ मोजा घालायची. बोट कुठे ठेवलं, किती दाबलं, किती वेळ ठेवलं, हे सगळं तो मोजा टिपायचा. तपासणी झाली की बाळाच्या आईच्या फोनवर दोन चेहरे यायचे, एक हसरा आणि एक रडका. आईने त्यातला एक दाबायचा. हे सगळं राज्यभरातून छबीकडे परत जायचं आणि छबी त्यावरून आपला धडा सुधारायची. अशा शेकडो छब्या होत्या आणि सगळ्या मिळून एकच डोकं.

त्या डोक्याने माझ्या नावापुढे शेरा मारला होता, 'अनावश्यक घुटमळ'.

"आई, तुम्ही जांघेवर फार वेळ हात ठेवता," समृद्धी हळूच म्हणाली. "छबीला वाटतं, तुम्हाला नाडी सापडत नाहीये."

"सापडते गं. सापडली तरी मी जरा थांबते. तिच्याशी दोन शब्द बोलते म्हण."

"तेच नको ना. ठेवा, लागली, उचला. बास."

ठेवा, लागली, उचला. सुनेने मला आठवडाभर घोकवलं. दुसऱ्यांदाही मी आपटले. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा केंद्रातल्या पोरींनी पेढे वाटले आणि मी तोंड वाकडं करून दोन खाल्ले. या चाचणीवर टांगलेला माझा परवाना शाबूत राहिला. हातालाही नवी चाल लागली, आणि ती चाल सोपी होती, हे कबूल केलं पाहिजे.

पूर्वाला मुलगा झाला तो ऐन थंडीत. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही, हा आमच्या कामातला जुना दंडक. मायेची माणसं डोळ्यांनी पाहत नाहीत, जे हवं तेच पाहतात. त्यामुळे मी बाजूला उभी राहिले. समृद्धीही घरचीच, पण त्या दिवशी कामावर दुसरं कोणी नव्हतं आणि नियमात नणंदेचं बाळ रक्ताचं धरत नाहीत. तिने मोजा चढवला आणि काम सुरू केलं.

बाळ रडलं नाही. एकदाही नाही. डोळे, तोंड, छाती, खुबे, जांघ, सगळं होईपर्यंत ते तिच्याकडे टकामका बघत होतं. पूर्वाची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, रिसोडकडच्या खेड्यातून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"काय हात आहे व माय पोरीचा! लोनी आहे लोनी! आमच्या गावच्या सिस्टरनं माया मोठ्या नातवाले असं पिळलं होतं, का लेकरू निळं पडलं होतं रडून रडून."

पूर्वाने फोनवरचा हसरा चेहरा दाबला. मला सुनेचा अभिमान वाटला. अगदी खरा, निखळ अभिमान.

बाळाला आंघोळ घालायचा मान आजीचा. घरी आल्यावर रोज सकाळी मी पाटावर बसायचे, पाय लांब करून त्याला नडग्यांवर आडवं घ्यायचे, कोमट तिळाचं तेल चोळायचे. तपासायला मनाई होती, तेल लावायला नव्हती. पाचवीच्या पूजेच्या आदल्या दिवशी असंच तेल लावताना माझा अंगठा त्याच्या जांघेच्या घडीतून गेला. ठेवला, लागली, उचलला. मी पुढे गुडघ्याकडे वळले. पोटऱ्या चोळल्या. पावलं हातात घेतली तर ती गार होती.

थंडी होती, पाणी मात्र कढत होतं आणि शेजारी शेगडी पेटलेली होती. हाताचे पंजे चांगले उबदार होते. पावलं तेवढी गार.

अंगठा पुन्हा जांघेत गेला. या वेळी मी तो उचलला नाही. नाडी लागत होती. पण कशी, तर भिंतीपलीकडे कोणी बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, तशी. दुसऱ्या हाताने मी त्याच्या दंडातली नाडी धरली. ती टणटण उडत होती. परत जांघ. आता वाटलं, नाही, आहे की चांगली. मग वाटलं, कुठे आहे? माझ्या स्वतःच्याच बोटाची नाडी मला लागत होती की काय, तेही कळेना.

"काय झालं, आई?" पूर्वाने विचारलं.

"काही नाही. तेल कोमट आहे का बघत होते."

लेकीशी खोटं बोलले.

ही जांघेतली नाडी इतकी महत्त्वाची का, ते सांगते. पोटात असताना बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात. म्हणून हृदयाजवळ रक्तासाठी एक आडवाट ठेवलेली असते. जन्मानंतर ती आपोआप बुजते, बहुतेक बाळांची पहिल्या दोनचार दिवसांतच. बुजायलाच हवी. पण काही बाळांची मुख्य धमनी, जी हृदयातून निघून खाली पोटाकडे आणि पायांकडे जाते, ती एका जागी चिमटलेली असते. आडवाट उघडी असते तोवर खालच्या अंगाला तिच्यातून रक्त मिळत राहतं. बाळ गुलाबी दिसतं, दूध पितं, पावलाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटाही बऱ्याचदा सगळं ठीक असल्याचं सांगतो. मग ती वाट बुजायला लागते. दूध पिताना बाळाला घाम येतो, ते दमतं, श्वास वाढतो. पूर्ण बुजली की मूत्रपिंड, आतडी, सगळं उपाशी पडतं आणि बाळ काही तासांत कोसळतं. त्याआधी काही कळायचं असेल तर ते जांघेत कळतं. तिथली नाडी मंद लागते. नाहीशी होत नाही, मंद होते. आणि तसं कळलं तर वाट उघडी ठेवणारं औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, मूल म्हातारं होऊन मरू शकतं.

समृद्धी ओट्याशी मेथीच्या लाडवांचं पीठ भाजत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"बाळाची जांघ पुन्हा बघतेस का?"

तिचं उलथनं थांबलं. "का?"

"मला कमी लागली."

"लागली ना पण?"

"लागली. कमी लागली."

"कमी म्हणजे काय, आई?"

ती वाद घालत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. तिने गॅस बंद केला, हात धुतले, शेगडीवर शेकून गरम केले आणि बाळाजवळ गेली. ठेवला, लागली, उचलला. माझ्याकडे वळून म्हणाली, "आहे, आई. व्यवस्थित आहे."

"दंडाशी ताडून बघ ना. दोन्हीकडे एकदम हात ठेव."

"तो रडेल."

"रडू दे की."

"आई," ती खालच्या आवाजात म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "ते मार्कांचं तुमच्या मनात अजून राहिलंय का? मी तुमच्यापुढे जावं म्हणून नव्हते गेले हो."

घरात कोणी ऐकलं असतं तर त्यालाही हेच वाटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं. सासूला सुनेचे मार्क खुपले, म्हणून सासूला सुनेच्या कामात खोट दिसली. शिवाय हात कुणाचे खरे? तीनदा परीक्षेला बसलेल्या बाईचे? तेही नातवावर ठेवलेले? मी शाल घेतली आणि दुपारच्या उन्हात केंद्रात गेले.

प्रशिक्षणाच्या खोलीत छबी पाळण्यात पडली होती. मी पडदा सुरू करून हृदयदोषाची बाळं उघडली. चिमटलेली धमनी निवडली. जांघेत बोट ठेवलं. काहीच नाही, सगळं शांत. दुसरं बाळ घेतलं. तेही शांत. तिसरं, चौथं. नाडी शून्य. मग निरोगी बाळ घेतलं तर नाडी अशी उसळली, की बोट ठेवायच्या आधीच हाताला कळावं. छबी आली तेव्हा असं नव्हतं. तिच्यात मंद नाडीची बाळं होती, त्यांच्यावर मी पोरींना तासन्‌तास बसवलं होतं. मी शोध शोध शोधलं. मंद नाडीचं एकही बाळ उरलं नव्हतं.

मदतीच्या नंबरावर फोन लावला. छबी बनवणाऱ्यांच्या कचेरीत ईश्वरी नावाची इंजिनिअर होती, तिने उचलला.

"मंद नाडीची बाळं कुणी काढली?" मी सरळच विचारलं.

"काढली नसतील, मॅडम. थांबा, बघते." बराच वेळ तिच्या कळफलकाचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. "अरेच्चा."

"काय अरेच्चा?"

"कुणी काढलेली नाहीत. ती हळूहळू कमी होत गेलीत. मॅडम, छबीला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. शिकणाऱ्या नर्स पास व्हायला हव्यात आणि बाळांच्या आया समाधानी हव्यात. मंद नाडीच्या बाळावर नर्स अडखळायच्या, नापास व्हायच्या. आणि पास झालेल्या नर्स खऱ्या बाळावर जास्त वेळ घ्यायच्या, बाळ रडायचं, आई रडका चेहरा दाबायची. म्हणून छबीने अवघड बाळं थोडी थोडी सोपी केली. मंद नाडी अजून मंद, मग नाहीशी. सांध्याचा आवाज मोठा, अगदी हलक्या हाताला कळेल असा. दोन्ही आकडे वर गेले. आम्हाला बक्षीसही मिळालं त्याबद्दल."

"म्हणजे तिने पोरींना शिकवायच्या ऐवजी स्वतःलाच सोपं करून घेतलं."

"तसंच म्हणावं लागेल."

"आणि सुटलेली बाळं? ती कुठे दिसली नाहीत तुम्हाला?"

उत्तर मलाच ठाऊक होतं. आठवड्याचं बाळ घरी कोसळलं की ते दुसऱ्याच कुठल्या दवाखान्यात जातं आणि तिथे न्यूमोनिया लिहितात, जंतुसंसर्ग लिहितात. ती खबर छबीपर्यंत जायचा रस्ताच नव्हता. तिला फक्त हसरे चेहरे दिसत होते.

"मॅडम, मी आत्ता वरिष्ठांना सांगते," ती म्हणाली. "पण तुम्ही का विचारलंत?"

मी फोन ठेवला. आता भांडण सासूचं आणि सुनेचं राहिलं नव्हतं. माझी सून खोटं बोलत नव्हती आणि तिच्या हातांत दोषही नव्हता. तिच्या जगात आजारी बाळाची नाडी ठार बंद असायची आणि धडधाकट बाळाची उसळायची. मधलं बाळ तिला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणून ते हातात आलं तेव्हा तिने त्याला धडधाकटांत बसवलं. आणि मलाही आठवडाभर घोकून तेच करायची सवय लागली होती. त्याच दिवशी सकाळी तेल लावताना याच जांघेवरून माझा अंगठा पहिल्यांदा तसाच गेला होता, आदल्या सकाळीही. ठेवला, लागली, उचलला.

घरी आले तर विहीणबाई उद्याच्या पाचवीसाठी पाटा-वरवंटा धुऊन हळद लावत होत्या. पूर्वा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"आई, हा दुपारपासून पीतच नाहीये. दोन घोट घेतो आणि झोपतो."

बाळाच्या कपाळावर घाम होता. बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. मी समृद्धीला हाक मारली आणि फोनवर ऐकलेलं सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःच्या अंगठ्याचंही नाही. ती ऐकत गेली तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला.

"अकोल्याला नेऊ या," मी म्हटलं. "तिथे हृदयाची सोनोग्राफी होईल."

"आज?" विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "पाचवी झाल्याबिगर लेकरू गावाची वेस वलांडत नाही आमच्यात. अन् तुमची मशीन म्हणते बरं आहे, सून म्हणते बरं आहे. तुमाले एकट्यालेच कसं दिसून रायलं?"

"आई, नक्की सांग," पूर्वा म्हणाली. "त्याला काही आहे का?"

"नक्की नाही सांगता येत, बाळा."

"मग एवढ्या थंडीत मी याला घेऊन कशी निघू?"

आयुष्यभर मी पोरींना ठामपणे बोलायला शिकवलं आणि आज माझ्या लेकीला देण्याइतकाही ठामपणा माझ्यापाशी नव्हता. शिवाय गाडी मागवणं माझ्या हातात नव्हतं. ज्या नर्सने तपासणी केली तिनेच आपल्याजवळच्या केंद्राच्या टॅबवर नोंद बदलली, तर अकोल्याची रुग्णवाहिका निघते आणि तिथलं यंत्र बाळासाठी राखलं जातं. तशी गाडी बोलावली आणि बाळ ठणठणीत निघालं, तर खोटा इशारा म्हणून नर्सचा परवाना चौकशीत अडकतो. समृद्धीला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं.

ती बाळापाशी बसली. या वेळी हातात मोजा नव्हता. एक हात त्याच्या दंडावर, एक जांघेत. बाळ आक्रसलं, पाय झाडायला लागलं आणि रडायला लागलं. पण रडणंही कसलं, दमलेलं, तुटक. तिची बोटं लगेच सैल झाली. सवयच ती.

"नको काढूस," मी म्हटलं. "राहू दे. रडून दम घेईल तेव्हा लागेल."

"अवं, कायले छळून रायल्या त्याले!" विहीणबाई ओरडल्या.

समृद्धीने बोटं पुन्हा टेकवली. डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकी वर्षं शिकवताना मी शिकणारीच्या हातांकडे बघत आले, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं. बाळाने रडता रडता श्वास घेतला, क्षणभर गप्प झालं. तिच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा रडणं, पुन्हा गप्प. ती थांबूनच राहिली. छबीने तिला केव्हाच नापास केलं असतं.

"वर जोरात आहे," ती अखेर म्हणाली. "खाली... खाली आहे. पण तशी नाही. आई, मला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"आहे म्हणू की नाही म्हणू, ते कळत नाही!" ती रडायलाच लागली. "मला असं कधी लागलेलंच नाहीये."

टॅबवर दोनच बटणं होती, नाडी आहे आणि नाडी नाही. कळत नाही असं बटण कुणी केलंच नव्हतं. समृद्धीने डोळे पुसले, पूर्वाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, मी चुकले असेन. तेव्हा चुकले असेन किंवा आत्ता चुकत असेन. चुकायचंच असेल तर आत्ता चुकते." आणि तिने 'नाडी नाही' दाबलं.

पूर्वा उठली आणि बाळाचे कपडे गोळा करायला लागली.

विहीणबाई दारात आडव्या उभ्या होत्या. मला वाटलं, आता इथे तमाशा होणार. त्यांनी बाळाच्या कपाळावरचा घाम बोटाने निपटला, ते बोट नुसतं बघितलं. मग वळून पाट्यावरची चिमूटभर हळद आणली आणि बाळाला लावली.

"जा घिऊन," त्या म्हणाल्या. "सटवाईले मी समजावतो. उद्या येईल ते परवा येईल, बसून राहीन म्हनावं इथंच."

अकोल्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की समृद्धीने बाळाच्या जांघेवरचं बोट एकदाही काढलं नाही आणि वाटेत मध्येच म्हणाली, "आई, अजून कमी झाली." तिला 'कमी' कळली होती. मी देव कधी फारसा मानला नाही, पण त्या गाडीत मी ज्याला त्याला हात जोडले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. धमनी चिमटलेली होती आणि आडवाट दोऱ्याएवढी उरली होती. औषधाची धार लगेच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाळाची पावलं कोमट झाली होती. शस्त्रक्रिया आठवड्याने ठरली आणि ती नीट पार पडली. हे आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. आमचा जीव तेवढे दिवस टांगलेलाच होता.

डॉक्टरीणबाई समृद्धीला म्हणाल्या, "अगदी वेळेवर आणलंत. छान पकडलंत." त्यावर ती हसली नाही. बाहेर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. हातांचे तळवे मांडीवर उताणे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"आई, नोकरी लागल्यापासून मी किती बाळं तपासली असतील?"

मी मनाशी मोजायला लागले. आणि एकट्या तिचीच का? तिच्यासारख्या राज्यभर हजारो पोरी होत्या, सगळ्यांचे हात मऊ, सगळ्यांच्या नावापुढे हसरे चेहरे. त्यातल्या कितीतरी माझ्याच वर्गातल्या. मी तिचा हात हातात घेतला. एवढं करण्यासारखं होतं, ते केलं.

छबी बंद झाली. ईश्वरीच्या वरिष्ठांनी पत्रक काढलं, चौकशी नेमली, सुधारित छबी लवकरच येईल असं कळवलं. लवकर म्हणजे कधी, ते त्यात नव्हतं. समृद्धीने वाट पाहिली नाही. बाळ घरी आलं, राहिलेली पाचवी विहीणबाईंनी साग्रसंगीत पुजली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सून गाडीची किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"येता का?"

तिने तपासलेल्या बाळांच्या यादीतलं पहिलं घर केंद्राच्या मागच्याच गल्लीत होतं. बाळ आता चांगलं बाळसेदार झालं होतं, पालथं पडायला लागलं होतं. आईने समृद्धीला लगेच ओळखलं.

"या ना, मॅडम! माया बहिणीले तुमचंच नाव सांगितलं मी. लेकरू रडूच देत नाही म्हटलं."

"पुन्हा एकदा बघायचं होतं," समृद्धी म्हणाली.

"काऊन? काही आहे का?"

"बघू द्या."

तिने दुपटं सोडलं, हात एकमेकांवर घासून गरम केले. दंडाची आणि जांघेची नाडी एकदम धरली. बाळाने एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. आईचा चेहरा आधी गोंधळला, मग बिघडला.

नाडी झाली तशी ती खुब्यांकडे वळली. गुडघे दुमडून मांड्या हळूहळू बाजूला नेल्या. उजवी सहज टेकली. डावी थोडी वर अडली. किंवा बाळ रडून ताठ झालं होतं म्हणून अडल्यासारखी वाटली. मी जवळ वाकले, पण हात पुढे केला नाही.

"मॅडम, बस करा ना आता," आई म्हणाली. "बरा आहे ना तो? सांगा ना."

समृद्धीच्या कपाळावर तीच आठी होती. बाळ किंचाळत होतं, आणि तिचा हात त्याच्या मांडीवर तसाच होता, हलका पण घट्ट.

"थांबा," ती म्हणाली. "मला अजून कळलेलं नाही."